मावणं

डॅव्हेंट्रीच्या बाहेर, एम-वनपासून थोडं आत,
मेंढ्यांच्या कुरणाला लागून
मी एक पेटी आखते आहे
जिच्यात सत्तर हजार डबे मावायचे आहेत.
खिडकी नाही. दिवे नाहीत, यंत्रांना लागत नाहीत.
वाटा नाहीत. वाट म्हणजे वाया गेलेली जागा,
हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं.

डब्यावर डबा, सोळा डबे खोल,
आणि माथ्यावरच्या रुळांच्या जाळीत
फिरणारी लाल यंत्रं,
विहिरीत पोहरा सोडावा तशी
पट्ट्यांवरून पंजा सोडणारी.

जुन्या गोदामाचा रॉय टिमसन
नकाशा उलटा धरून बघत राहिला.
तळातला डबा हवा असला तर?
वरचे पंधरा काढायचे, मी म्हटलं.
आमच्याकडे मडक्यांची असायची अशी. उतरंड.
उट्रंड, तो म्हणाला,
आणि पुढचे सहा महिने
त्या सगळ्या साडेसहा कोटी पाउंडांना
उट्रंडच म्हणत राहिला.

मागणी असते ते आपोआप वर राहतं.
नसते ते बुडत जातं,
रोज एखादा डबा अंगावर घेत.
ही रचना मी केलेली नाही,
फक्त तिच्या आड आले नाही.

फियोना ॲस्क्विथचा मेल: अठ्ठ्याऐंशी टक्केच का भरायचं?
बाकीच्या बारा टक्क्यांचं भाडं आम्ही का भरायचं?
मी आलेख पाठवले. रांगांचं गणित पाठवलं.
शेवटी तिच्या टेबलावर ते लहान मुलांचं कोडं ठेवलं,
पंधरा आकडे सरकवायचे, एक घर मोकळं.
सोळावा तुकडा बसवलात, म्हटलं,
तर कोडं सुटत नाही,
फरशी होते.
ती हसली नाही. पण नव्वदवर आली.

रॉयला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.
दाराजवळचा एक चौकोन त्याने चौतीस वर्षं
खडूने आखून रिकामा ठेवला होता.
तीन मॅनेजरांनी विचारलं, हे काय?
तिघांनाही त्याने चहा दिला.
पहाटे चार वाजता चुकून आलेली गाडी
दर वेळी तिथेच उतरली.

फेब्रुवारीत चाचणी.
कुणालातरी, इन्व्हर्नेसच्या पलीकडे,
बंद पडलेल्या कंपनीच्या कपडे धुण्याच्या मशीनचं
दाराचं रबर हवं होतं.
डबा चाळीस हजार एकशे सतरा. अगदी तळाशी.
चारशे बारा दिवस कुणी हाक मारली नव्हती.

आम्ही जाळीच्या कडेला उभे, थंडीत, हेल्मेटं घालून.
यंत्रं आली. एकाने उचललं, दुसऱ्याने नेलं,
शेजारच्या मोकळ्या तोंडांवर
एकेक डबा टेकवला.
पंधरा डबे. पंधरा मोकळी घरं.
माझ्या अहवालात याला खोदकाम म्हणतात,
खर्चाच्या रकान्यात.
मग सोळा डबे खोल गेलेला पंजा
वर येईना, येईना,
आणि आला.
चार मिनिटं दहा सेकंद, रॉयने मनगटावर मोजली.
मला दोन लागली असती, म्हणाला.
पाठ धड होती तेव्हा.

ते रबर गेलं. डबा मात्र खाली परतला नाही.
हाक आलेला डबा काही दिवस वरच राहतो,
अशीच प्रणाली आहे.
बुधवारपर्यंत त्याच्यावर दुसरा बसला होता.

वाचलेल्या जागेची यादी मीच केली.
वाटा: चार हजार चौरस मीटर.
दिव्यांची उंची: साठ सेंटीमीटर.
कर्मचाऱ्यांची कपाटं: एकतीस.
त्यातलं एक नऊ नंबरचं,
दारावर फुटबॉलचा फिकट स्टिकर,
आत खडूची अर्धी पेटी.

बेरीज बरोबर आली. दोनदा करून पाहिली.
सही करायच्या आधी
दारापाशी, नव्या काँक्रीटवर,
नकाशात एक चौकोन ओढला,
दोन बाय दोन, कशासाठी ते न लिहिता.
फियोनाने विचारलंच, हे काय?
चहा घेणार का, म्हटलं.