मागून येणारी बस

वर्षातून एक रविवार मला असा येतो
की बस पहिल्या गिअरमध्येच चालवायची.
एरवी शाळेची मुलं, दवाखान्याला निघालेले म्हातारे.
आज फक्त थकलेले.
वेळ संपली की दार उघडायचं, पांघरूण द्यायचं,
आणि काही बोलायचं नाही.
हे शेवटचं नियमात नाही, माझं मीच ठरवलंय.

ऑक्टोबर सरत आलाय. त्सुगारूत सफरचंदं उतरवायची घाई.
झाडांखाली चंदेरी कागद अंथरलेत,
फळाच्या बुडालाही ऊन पोचावं म्हणून.
त्या उजेडात पळणारे सगळे
हनुवटीखालून उजळलेले दिसतात.
दिसले, म्हणजे. पुढे गेले ते.
आता रस्त्यावर एकच पाठ उरलीय,
नंबर दोन हजार चारशे अकरा,
तोकुए मिकामी, पोस्टातून निवृत्त.

चाळीस वर्षं बर्फातून हिनं पत्रं टाकली,
त्यामुळे दारोदार थांबणं पायांत मुरलंय.
सहाव्या किलोमीटरला मुळ्याचं लोणचं.
आठव्याला मिसोचं सूप, आणि वाटी परत करताना
‘मीठ जरा पुढे गेलंय’ असा शेरा.
अकराव्याला एका मांजराची चौकशी,
पिल्लं किती, कुणाकडे दिली.
मग पळते. खरंच पळते,
डावीकडे किंचित झुकून,
खांद्यावर अजून टपालाची पिशवी असल्यासारखी.

एकवीस किलोमीटर, वर सत्त्याण्णव मीटर,
वर आणखी अर्धा.
हा अर्धा मीटर कुणी मोजला असेल, आणि कशाला?
ताशी सातच्या वेगानं मी हा विचार करतो.
विचार करायला बरा वेग आहे तो.

सतराव्यानंतर पूल.
पुलाच्या तोंडाशी नारितामास्तर दोरी धरून उभे.
बारा वाजता दोरी आडवी होणार.
मी काय केलं ते सांगतो. मी हळू झालो.
ताशी सहा. पाच. आरशात उगीच काहीतरी बघितलं.
पण घड्याळ काही माझ्या मागे नव्हतं.

बारा वाजून चार मिनिटांनी ती पोचली.
मास्तरांनी कमरेत वाकून माफी मागितली,
तिनं वाकून त्यांची मागितली,
दोघं बराच वेळ आळीपाळीनं वाकत राहिले.
मी दार उघडलं. पांघरूण पुढे केलं.

तिनं पिना काढल्या. चार.
नंबर माझ्या हातात दिला, बुटावरची चिप दिली,
मग कमरेच्या पिशवीतून निम्मं सफरचंद.
‘आता मी शर्यतीत नाही ना?’
नाही, म्हटलं.
‘मग फुटपाथवरून घरी गेले तर चालेल.
घर तिकडेच आहे, मैदानाच्या मागे.’
आणि निघाली.
पळतच.

मी रिकामी बस घेऊन पुढे आलो.
चौकातला सिग्नल तिच्यासाठी लाल झाला.
रस्त्यावर एक गाडी नव्हती, माझी सोडून,
तरी थांबली, जागच्या जागी पाय नाचवत.
हिरवा झाल्यावर हात केला मला,
दारात उभं राहून पाहुण्यांना करतात तसा.

मैदानात कमानीतली हवा काढत होते.
आधी ती गुडघ्यांवर आली, मग आडवी.
दोन पोरं तिच्या पोटावर लोळून
उरलेला वारा बाहेर घालवत होती.
मिकामीबाई पलीकडच्या गल्लीनं गेल्या,
इकडे मान वळवली नाही.
कुंपणावरून नुसती टोपी दिसली,
वर, खाली, वर, खाली,
भाताच्या गोदामाशी थोडी थांबली
(ओळखीचं कुणी असणार),
पुन्हा वर, खाली.

संध्याकाळी मला फॉर्म भरायचा असतो.
‘बसमध्ये घेतलेले’, त्यापुढे रेघ.
लिहिलं: एक नंबर, एक चिप, पिना चार.
सफरचंद लिहिलं नाही.
ते पुलावरच खाल्लं होतं,
स्टिअरिंग एका हातात, ताशी चार.
जरा आंबट होतं.
रस मनगटापर्यंत आला.