किमान एक

बामणोदच्या बाजारात कासाबाई वायकोळेंच्या पाटीपुढे
मी उकिडवा बसलो.
दहावीच्या पोरांची भरीत पार्टी, वीस वांगे हवे होते,
हिरवे, पांढुरके, हाताला हलके.
“दहात एक किडकं निघतंच,” बाई म्हणाल्या.
लपवालपवी नाही.

दहात एक. गणिताच्या मास्तराला एवढं पुरतं.
वीसांत किमान एक किडकं निघेल, शक्यता किती?
समोरून मोजायला गेलं तर वाटा फुटत जातात:
एकच निघेल, की दोन, की सात,
आणि सात तर कोणते सात?
म्हणून मी मागच्या दाराने शिरलो,
एकही न निघण्याचा हिशेब धरला.
नऊ दशांश गुणिले नऊ दशांश गुणिले,
असं वीस वेळा.
दर गुणाकाराला खात्री थोडी झिजली,
शेवटी उरली शंभरात बारा.
शंभरातून बारा गेले.
अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे अळी येणार, जवळजवळ ठरलेलंच.

कासाबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या.
“सारे एकाच झाडाचे नका घेजा, सर.
एकात असली की शेजारच्यात जाते ती.”

तिथे माझा गुणाकार बसला.
वांगे एकमेकांना ओळखत नाहीत,
असं मी न विचारताच धरलं होतं.
बाईंनी तीन पाट्या धुंडाळून वीस निवडले,
गुणाकार पुन्हा उभा राहिला, जरा लंगडत.

शाळेत दुसराच घोळ.
काड्या आणणारे चौदा, लसूण-मिरची आणणारे अकरा,
बेरीज पंचवीस, आणि वर्ग बावीसचा.
हर्षला फिरकेने बोट ठेवलं:
तीन नावं दोन्ही यादीत.
त्यातला एक मुनाफ तडवी,
घरी कपाशीच्या काड्यांचा ढीग, मळ्यात मिरची.
“त्यांना एकदाच मोजा सर,
नाहीतर दोनदा वाढावं लागेल.”

संध्याकाळी काड्या भडकल्या,
वांगे काळे झाले, फुसफुसले,
सोलून बडगीत पडले.
वीसही.
अळी कुठेच नाही.

“म्हणजे गणित चुकलं?” मुनाफने विचारलं.
“नाही रे. शंभरातले ते बारा
आज आपल्याकडे जेवायला आले.”
मला वाक्य आवडलं होतं.
तेवढ्यात हर्षला, केळीच्या पानावरून मान न उचलता:
“पण सर, अंधारात सोललेलं
तपासलं कोणी?”

बावीस घास हवेत थांबले.
मग कुणीतरी कळण्याची भाकर मोडली.