शक्यता अहवाल

रस्ता नऊ मीटरचा. म्हणून तेवीस मजले नाहीत,
पावशेसाहेब, कितीही वेळा विचारलंत तरी.
बिल्डरच्या पत्रकात पोहायचा तलाव आहे,
माझ्या कागदावर पाण्याची टाकी.

कन्नमवार नगर. गच्चीवर सतरंजी, एक बल्ब,
बत्तीस बिऱ्हाडांपैकी एकवीस.
मी वाचत जाते : चटईक्षेत्र, विक्रीचे गाळे,
बँकेचं व्याज, अडीच वर्षांचं भाडं.
टाळी पडत नाही.
खऱ्या आकड्यांना कुठे पडते.

मग घोसाळकरबाई उठतात,
नकाशात जिन्यावर बोट ठेवतात.
"इथे वळेल का?"
काय, मी विचारते.
"ह्यांना खाली नेताना
उभं करावं लागलं होतं. बांधलेलं.
भिंतीला टेकवून पोरं घाम पुसत म्हणाली,
काका, जरा थांबा."

खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
पावशे चष्मा पुसतात.

रात्री घरी मी जिना वीतभर रुंद करते.
विक्रीतले एकशेदहा फूट जातात.
व्याजाची ओळ पुन्हा मांडते, पुन्हा,
तिसऱ्यांदा जमते. जेमतेम.

शेऱ्याच्या रकान्यात
बदलाचं कारण लिहायचं असतं.
लिहिते : वळण.