निरंक

प्रति,
मा. राज्यकर अधिकारी,
वागळे इस्टेट, ठाणे.
इथवर अक्षर चांगलं येतं.

विषय : उशिरा भरलेल्या विवरणपत्रांच्या विलंब शुल्काबाबत.
'बाबत' हा शब्द बरा,
त्याच्या पदराआड काहीही लपतं.

महोदय.
की महोदया?
टिपणीस म्हणाले, दोन्ही लिहा, मधे तिरकी रेघ मारा.

सात महिने, महिन्याला पाचशे.
साडेतीन हजार रुपये,
विक्री झालीच नाही
हे वेळेवर न सांगितल्याबद्दल.

"कारण ठोस लागतं," टिपणीस म्हणाले,
"आजारपण चालतं. कागद जोडा."
आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला.
"मला पाड आजारी," सासूबाई म्हणाल्या,
"पण नुसता ताप नको लिहूस, अपमान वाटतो.
साडेतीन हजारांना शोभेलसं काहीतरी लिही."
सकाळीच कचराळी तलावाला तीन फेऱ्या मारून
येताना घासाघीस करून कोथिंबीर आणली होती त्यांनी.

पहिला खर्डा : सासूबाईंच्या प्रकृतीअस्वास्थ्यामुळे...
लिहिला, आणि रात्रभर
त्यांच्या खाकरण्याकडे कान लागून राहिला.
पहाटे फाडला.

दुसरा : पोर्टल चालत नव्हतं.
हे कोणालाही पटेल,
म्हणूनच लिहायची लाज वाटली.

तिसऱ्यात खरं लिहायला घेतलं.

महोदय / महोदया,
चरईतल्या आमच्या दुकानात
दोनशे बारा स्कर्ट आहेत, मरून, बॉक्स प्लेटचे,
बावीस ते छत्तीस मापाचे.
मार्चमध्ये शाळेने रंग बदलला. राखाडी.
कंत्राट भिवंडीला गेलं.
हे सांगितलं शाळेच्या शिपायाने,
तेही तो मुलाची पँट आखूड करायला आला म्हणून.

दर महिन्याच्या वीस तारखेला
मी कॉम्प्युटरपुढे बसायचे.
ओटीपी यायचा, दहा मिनिटं जिवंत राहायचा.
चौकटीत फक्त शून्य टाकायचं होतं.
शून्य म्हणजे काजं केल्यासारखंच की,
गोल फिरायचं नि टाका बंद करायचा.
तीस वर्षं काजं करते आहे.
जमलं नाही.

कारण महिने निरंक नव्हते.
एप्रिलमध्ये समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या मुलीला
वाढदिवसासाठी परीचे पंख शिवले,
पैसे कसले घ्यायचे.
मेमध्ये कारागीर इद्रिसभाईंना
उल्हासनगरात काम बघून दिलं.
जून. आमचा सुगीचा महिना.
शटरला तेल घातलं.
जुलैत एक बाई आली,
मुलीच्या जुन्या स्कर्टाला एक बटण हवं म्हणून.
डबा उपडा करून दोघी शोधत बसलो,
तासभर. सापडलं नाही.
ह्याला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.
तक्रार नाही, फक्त कळवते.

टिपणीसांनी वाचलं, चष्मा काढला.
"वहिनी, छान आहे.
हे घरी ठेवा."

चौथं पत्र त्यांनी सांगितलं, मी उतरवलं :
व्यावसायिक अडचणींमुळे, अनवधानाने झालेला
विलंब क्षमापित व्हावा, ही नम्र विनंती.
खाली मी,
हेमांगी प्रताप गुप्ते, प्रोप्रायटर.

'अनवधानाने' ह्या शब्दाशी
माझं अजून मिटलेलं नाही.
इतकं अवधान मी आयुष्यात
कशावरच ठेवलं नव्हतं.

आवक खिडकीतल्या मुलाने दोन्ही प्रती घेतल्या,
शिक्क्यावर हा करून वाफ सोडली, दाबला.
रिक्षात बसल्यावर पाहिलं,
तारीख कालची.
सकाळी चाक एक घर पुढे सरकवायचं
राहून गेलं होतं कोणाकडून तरी.

मी रिक्षा वळवली नाही.
पत्राची घडी पर्समध्ये ठेवली.

दार उघडता उघडता सासूबाईंनी विचारलं,
"काय गं,
वाचले का मी?"