टाका न घातलेली जागा

मानवतच्या जिनिंगमधून आणलं त्याला, रात्री सव्वानऊला,
टेम्पोच्या हौद्यात बसवून.
अंगभर सरकी, भुवईत कापूस.
मुंजाजी ढगे, वय एकतीस, प्रेसवर कामाला.
गाठीची लोखंडी पट्टी सुटली,
तिचं टोक नाही, पाठ लागली.
हे बरं झालं, मुनीम म्हणाला.
त्याला कोणी काही बोललं नाही.

मिटल्या पापणीवरून हळूच चाचपलं.
कवठ.
कच्चं, दगडावर आपटावं लागतं तसलं.
दुसरा डोळा आपला नेहमीचा, बोटाखाली दबणारा.
आत खोबणीत रक्त साचत होतं
आणि हाडाच्या भिंती कुठे सरकणार?
दाबायला डोळाच होता तेवढा, आणि मागची नस.

बॅटरी मारली. बाहुली हलली नाही.
"उजेड दिसतो?"
"लावा की मग."
मी लावलेलाच होता.

परभणीच्या सरांना फोन. ते कुणाच्या तरी लग्नात,
मागे बँड.
पाठवते म्हणाले, स्कॅन तिकडेच होईल.
मार लागून किती झालं?
पाऊण तास.
मग तू माणूस पाठवशील, नजर नाही.
डोळा फुटलेला नाही ना? नाही.
काप.
सर, मी कधी—
चित्र आठवतं ना पुस्तकातलं? काप. मग पाठव.

आठवत होतं.
चित्रात रक्त नव्हतं.
चित्रातल्या माणसाला पाय नव्हते,
हा पायांनी खाट हलवत होता.

रुक्साना सिस्टरनं त्याचं डोकं कोपराच्या बेचक्यात धरलं.
भुलीचं इंजेक्शन. मग चिमटा, बाहेरच्या कोपऱ्यात,
एक मिनिट दाबून ठेवायचा.
भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून बंद.
सिस्टर मोजू लागली, उर्दूत, पुटपुटत.
चाळिसाच्या आसपास मुंजाजीही मोजू लागला, मराठीत.
दोघांचे साठ वेगळे आले.

कात्रीचं टोक बुबुळाकडे नाही, हाडाकडे.
करंगळीच्या नखाएवढा काप.
झालं वाटलं. झालं नव्हतं.
कवठ तसंच.
खरी दोरी खाली असते,
खालच्या पापणीला हाडाशी बांधणारी.
ती दिसत नाही. रक्तात कात्रीच्या टोकानं
छेडत जायचं.
तुणतुण्याची तार लागावी तशी लागली.
तोडली.

पापणी सैल पडली, गाठ सुटलेल्या गठुड्यासारखी,
आणि डोळ्याला पुढे यायला जागा झाली.
इलाज म्हणतात तो एवढाच.
काही काढलं नाही, काही जोडलं नाही,
घट्ट होतं ते सैल केलं.
कॉलेजात आम्हाला बहुतेक आवळायलाच शिकवलं होतं.

सलाईनला औषध लावलं. थांबलो.
मुनीम दारात दोनदा येऊन गेला.
मग बॅटरीखाली बाहुली जराशी आकसली,
झोपमोड झालेल्या पोरासारखी, कुरकुरत.

"बोटं किती?"
"दिसंना… थांबा. बत्ती लावली का आता?"
"हो."
"दोन. न्हाई, तीन. एक वाकडं हाय."

वाकडी आहे माझी करंगळी.
सातवीत हापशाच्या दांड्यात सापडलेली.
घरात कुणाच्या ध्यानात नाही.

अँब्युलन्स निघाल्यावर सरांचा मेसेज:
टाका घातला नाहीस ना?
नाही. उघडंच ठेवलंय, तुम्ही म्हणालात तसं.
सूज उतरल्यावर तिकडे शिवतील, नाही तर
आपोआप मिळून येईल.

बारा दिवसांनी तो आला. कडेला डाव्या पापणीचा कोपरा
किंचित उतरलेला, वाऱ्यात पाणी गळतं म्हणाला.
हात रिकामे. हवं होतं सर्टिफिकेट.
"मुनीम म्हणतोय, दिसतंय ना, मग रजा कशाची?"

मी आकड्यात लिहिलं, एकवीस दिवस.
मग अक्षरी लिहिलं, खाली रेघ ओढली,
कुणाला खोडता येऊ नये म्हणून.
त्यानं कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला,
पुन्हा जवळ नेला.
वाचत होता की नुसतंच
दिसतंय का बघत होता, कळलं नाही.