मुक्कामी गाडी

उदगीर–बाऱ्हाळी, शेवटची फेरी.
साडेनऊला गाडी पारासमोर लावली,
"मास्तर, लाइट मालवा" म्हणता म्हणता
जिलानीमामा घोरायलाही लागले.

मी हिशोब लावतो.
कॅश जुळते, तिकिटं जुळतात.
जुळत नाही ते एवढंच:
आठ वाजता टोचलेले बारा युनिट
आणि उदगीरच्या स्टँडवर उभ्याने खाल्लेली भाकर.
अर्धी कागदात तशीच राहिली,
कंट्रोलरने शिट्टी मारली म्हणून.
त्या अर्ध्या भाकरीचं रात्रभर काय होणार
हे कुठल्याच मशिनीत निघत नाही.

डेपोत सगळ्यांना वाटतं, शुगर म्हणजे वाढणं.
पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढून तसाच पुढे नेतात.
कमी होणं कुणाला सांगावं?

मार्चमध्ये, मुक्रमाबादच्या अलीकडे,
एका म्हातारीला मी तीनदा तेच तिकीट दिलं
आणि चौथ्यांदा विचारलं, कुठं जायचं?
मागून कुणी म्हणालं, कंडक्टर पिऊन आलाय.
म्हातारीनेच ओळखलं.
तिचा लेक असाच होता म्हणे.
नातवासाठी यात्रेत घेतलेली गोडीशेव
पिशवीतून काढून तिने माझ्या तोंडात कोंबली
आणि लेकराला दटावावं तशी म्हणाली, "चाव."

त्या "असाच होता" मधला "होता"
तेव्हापासून माझ्या शेजारच्या सीटवर बसलाय.
त्याला तिकीट लागत नाही,
त्याचं उतरायचं गाव येत नाही.

मग मी चोरून खायला लागलो.
भूक नसताना बिस्किट, झोपताना गूळ,
उगं, असू द्या म्हणून.
लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांचा आकडा पाहिला,
दहा पॉइंट चार.
"गोड खाता?"
"भिऊन खातो."
रागावतील वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
"मग आधी त्या भीतीचं बघू," म्हणाल्या.
रात्रीचे दोन युनिट उतरवले
आणि कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं:
आधी बोट, मग तोंड.

अडीचला जाग आली.
छाती धडधडतेय, तळहात ओले.
आता हे कोण आलंय?
साखर उतरली की असंच कापरं भरतं,
भीती चढली की असंच.
दाराबाहेरून दोघांची थाप सारखी.
हात खिशातल्या पुडीकडे गेला होता.
मोबाइल दातात धरला, बोट टोचलं.
पाच, चार, तीन.
एकशे एकतीस.
म्हणजे तूच होय, म्हटलं,
आणि पुडी तशीच बांधून ठेवली.
झोप मात्र आली नाही.

चारला पुन्हा.
या वेळी ओठ बधिर, आणि पारावरचा दिवा दोन दिसायला लागला.
चौसष्ट.
ग्लुकोजचे चार चमचे, बाटलीतलं कोमट पाणी.
यानंतर पंधरा मिनिटं थांबायचं असतं.
ही पंधरा मिनिटं मी सहा वर्षं एकट्याने काढली,
एकदा संडासात, एकदा डिझेल पंपामागे,
कुणाला दिसू नये म्हणून.

"मामा."
"कामून मास्तर? निघायचं का?"
"नाही. माझी साखर उतरलीय. जरा बसा माझ्याजवळ."

मामा उठले, लुंगी सावरत आले
आणि नेमके त्याच सीटवर बसले.
काही विचारलं नाही.
तिसरा गिअर कसा अडकतो ते सांगत राहिले,
मधेच माझं मनगट धरून, जसं काही नाडी कळतेच,
"अजून गार हाय," म्हणाले.
मी घड्याळ बघत होतो, ते मला.

ब्याण्णव.
"म्हणजे पास का?"
"पास."
"मग मी झोपतो," म्हणाले,
पण झोपले नाहीत. कागदातली अर्धी भाकर पुढे सरकवली.
वाळून कडक झाली होती.
दोघांनी मिळून मोडली.

साडेपाचला पहिला पॅसेंजर चढला, दुधाच्या कॅनसकट.
पाचशेची नोट.
"सुट्टे नाहीत, मास्तर."
एरवी मी खेकसलो असतो.
सवयीने खिसा चाचपला,
पुडी होती.
"बसा," म्हटलं, "उतरताना बघू."