माया

सरकारी कागद आला तेव्हा मी काजं करत होतो.
फ्रॉक, साडी, की पँट आणि वर अंगरखा:
परिचारिकांनी एकावर खूण करावी, असा कागद.
आला इस्पितळात, पण चर्चा माझ्या दुकानात,
कारण देवगडातलं पांढरं टेरिकॉट
पस्तीस वर्षं माझ्याच मशीनखालून गेलंय.

बाकावरच्या प्रत्येकाला मत होतं.
पेट्या ठोकणारा जनू म्हणाला, साडीच बरी,
साडीत बाई आईसारखी दिसते.
सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, फ्रॉकला एक शिस्त असते.
कुणी म्हणालं, पँट घातल्यावर
डॉक्टर कोण नि सिस्टर कोण, कळायचं कसं?
बोलले त्यांतल्या एकानेही
कधी बेडपॅन उचललेलं नव्हतं.
मीही नाही.
मी सुईत दोरा ओवत राहिलो.

द्वारका जुवाटकर सिस्टर मापाची वही उघडूच देईनात.
"गुडघ्याखाली चार बोटां. माप बदलूक नाय माझा."
बदललं होतं, कमरेत तीन इंच. मी बोललो नाही.
नव्वद साली पहिला फ्रॉक घालून त्या
मिठबावच्या एसटीत चढल्या,
तेव्हा बापाने पावसाळाभर बोलणं टाकलं होतं.
"तेवा माझ्या पायांची लाज गावाक वाटली," म्हणाल्या,
"आता माका वाटूक व्हयी?"

रुकय्या सोलकर, वय सव्वीस,
स्कूटीवरून सड्यापलीकडच्या उपकेंद्रात जाते.
पवनचक्क्या फिरवणारा तोच वारा
तिच्या घेरात शिरतो.
एक हात हँडलवर, एक घेरावर,
आणि लसींची पेटी अल्लाच्या भरवशावर.
तिने खूण केली पँटवर, आणि खाली
बॉलपेनने लिहिलं: खिसे. चार. खोल.

दोघी एकाच वॉर्डात, एकाच टेबलावर डबा खातात.
कालवण वाटून घेतात. या विषयावर बोलत नाहीत.

मग एका बुधवारी दुपारी
माझा डावा हात मशीनवरच राहिला.
जनूने टेम्पोत घातलं. पेंढ्याचा वास आठवतो,
आणि इस्पितळाच्या जांभ्या पायऱ्या, उलट्या.
मी गेलो होतो, असं नंतर सांगतात.
रुकय्या पलंगावर चढली,
गुडघे रोवून, तळवे छातीवर दाबत
मोठ्याने आकडे मोजत होती, म्हणे.
द्वारकाबाई डोक्याशी फुगा दाबत उभ्या.
मला यातलं काही ठाऊक नाही.
मी जाता जाता फक्त एक आवाज ऐकला:
टर्र.
डाव्या कुशीची शिवण.
माणसं ओळखू येत नव्हती,
पण माझा दोरा मी ओळखला.

तिचे गुडघे दिसले का रे, असं जनूने विचारलं नंतर.
त्या दिवशी त्याला चहा सांगितला नाही.

महिन्याने ती फाटका फ्रॉक घेऊन आली.
"टाका घालून द्या काका, कागदाचं अजून ठरलेलं नाही."
मी उलटा करून पाहिला.
आत माया नव्हती.
फ्रॉकमागे वीतभर कापड वाचवायची माझी जुनी खोड;
पस्तीस वर्षं बाहेरून सगळं पांढरं, नीट, इस्त्रीचं,
आणि आत पाव बोटही जास्तीचं नाही.
वाकायला, चढायला, एखाद्याला ओढून आणायला
जे लागतं, ते मी वाचवत बसलो होतो.

तिला पट्टी जोडून दिली. पैसे घेतले नाहीत, तर रागावली.
ठेवून गेली डब्याखाली, पन्नासची नोट.

आता फळीवर दोन कपडे बेतलेले आहेत.
एक फ्रॉक, गुडघ्याखाली चार बोटं,
कमरेत तीन इंच गुपचूप सोडलेला.
एक पँट, चार खिशांची; चौथा कुठे बसवावा
हे अजून सुचत नाहीये.
कागदावर शिंप्याने खूण करायची जागा नाही.
दोन्हींना कुशीत दोन बोटं माया ठेवतो.
दुकानात शिकणारा पोरगा विचारतो, एवढी कशाला?
मी म्हणतो, खडू दे.